पंप बदलण्याआधी करंट कुठवर पोचतो ते शोधा

सेल्फ जोरात फिरतो, टाकीत पेट्रोल आहे, पण इंजिन पकडत नाही. किंवा चालती गाडी अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू होते. दोन्ही वेळी संशय फ्यूएल पंपावर जातो आणि तिथेच घाई होते. टाकी उतरवली जाते, नवा पंप बसतो आणि गाडी तशीच राहते, कारण दोष पंपात नसतोच. तो असतो फ्यूजच्या सैल पकडीत, रिलेच्या (हलक्या करंटने जड करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) जळालेल्या कॉन्टॅक्टमध्ये किंवा टाकीवरच्या काळ्या पडलेल्या पिनेत. पंप हा या सर्किटमधला शेवटचा आणि काढायला सगळ्यात त्रासाचा भाग आहे, म्हणून त्याच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचायचं.

हा लेख पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांसाठी आहे, ज्यांत टाकीच्या आत १२ व्होल्टचा साधा मोटर-पंप असतो. इंजेक्शनच्या दुचाकीलाही हीच पद्धत लागू पडते, फक्त करंटचे आकडे कमी असतात. पंपाला स्वतंत्र कंट्रोल मोड्यूल असलेल्या नव्या गाड्यांचं थोडं वेगळं आहे, त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

सर्किट कसं चालतं

दोन वाटा डोक्यात वेगळ्या ठेवा. पहिली जड करंटची: बॅटरी, फ्यूज, रिलेची ३० नंबरची पिन, रिलेच्या आतला कॉन्टॅक्ट, ८७ नंबरची पिन, मागे टाकीपर्यंत जाणारी लांब वायर, पंप, आणि पंपाची अर्थ वायर बॉडीला. काही गाड्यांत या वाटेवर इनर्शिया स्विचही असतो. तो अपघाताच्या धक्क्याने पंप बंद करतो, आणि कधी कधी खड्ड्यात जोरात आदळल्यानेही सुटतो.

दुसरी वाट हलक्या करंटची, म्हणजे रिलेला हुकूम देणारी. रिलेच्या ८५ आणि ८६ या पिनांमध्ये कॉइल असते. तिच्या एका टोकाला चावी ऑन केल्यावर सप्लाय येतो आणि दुसरं टोक बहुतेक गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) अर्थ करतो, म्हणजे बॉडीला जोडतो. ईसीयू चावी ऑन होताच २ ते ३ सेकंद पंप चालवतो, म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) प्रेशर तयार होतं. मग तो थांबतो. इंजिन फिरतंय असा क्रँक सेन्सरचा सिग्नल आला की पंप पुन्हा सुरू. सिग्नल नसेल तर पंप नाही. अपघातात इंजिन बंद पडल्यावर पेट्रोल फेकलं जाऊ नये म्हणून ही सोय आहे. त्यामुळे क्रँक सेन्सर खराब असला तरी सेल्फ मारताना पंप गप्प राहतो, आणि त्यात पंपाचा काहीच दोष नसतो.

सुरक्षितता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. काम मोकळ्या हवेत करा, पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक हाताशी ठेवा, जवळपास कुणी सिगारेट ओढत नाही याची खात्री करा. उघड्या टाकीजवळ कनेक्टर जोडणं किंवा सोडणं हे चावी ऑफ असतानाच. पंपाचं झाकण उघडायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा.

इलेक्ट्रिकल तपासणीसाठी पेट्रोलची एकही नळी उघडावी लागत नाही. पुढे नळी काढायची वेळ आलीच तर पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे प्रेशर उतरतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल उडवणाऱ्या इंजिनाच्या हाय प्रेशर भागाला मात्र हात लावू नका. तिथलं प्रेशर शेकडो बारपर्यंत जातं आणि ती धार कातडी फोडून आत शिरते.

हत्यारं

डिजिटल मल्टीमीटर, २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, एलईडी टेस्ट लॅम्प, १५ ॲम्पिअरचा फ्यूज मध्ये बसवलेली जंपर वायर, कनेक्टरच्या मागून आत सरकवायच्या बारीक पिना, तीन-चार मीटर लांब मोकळी वायर, आणि एक ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब, त्याला दोन मीटरच्या दोन वायरी जोडलेल्या. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर उत्तम. गाडीचा वायरिंग डायग्राम मिळवाच. वायरींच्या रंगावरून अंदाज बांधणं महागात पडतं.

दोन लॅम्प वेगवेगळे का, हे आधीच लक्षात घ्या. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन ॲम्पिअर खेचतो, म्हणून जड वाटेवर तो खरं बोलतो. पण रिलेच्या कॉइलला फार तर पाव ॲम्पिअर लागतो आणि ईसीयूचा ड्रायव्हर (रिलेला अर्थ देणारा त्याच्या आतला भाग) तेवढ्यासाठीच बनवलेला असतो. त्या पिनेवर २१ वॅटचा बल्ब लावला तर ईसीयूच जळू शकतो. तिथे फक्त एलईडी लॅम्प.

पायरी १: बॅटरी आणि कान

गाडी काही तास उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी मापं फसवी येतील.

आता एकाला चावी ऑन करायला सांगा आणि तुम्ही टाकीच्या झाकणापाशी किंवा मागच्या सीटवर कान द्या. दोन-तीन सेकंदांचा एकसारखा गुणगुणता आवाज यायला हवा. काही नव्या गाड्यांत पंप ड्रायव्हरचं दार उघडतानाच चालून घेतो, त्यामुळे चावी ऑन केल्यावर आवाज न येणं तिथे दोष ठरत नाही. पुन्हा ऐकायचं असेल तर चावी ऑफ करून दहा-पंधरा सेकंद थांबा.

आवाज आला म्हणजे करंट पोचतोय, पण पुरेसा पोचतोय असं नाही. ८ व्होल्टवरही पंप गुणगुणतो, फक्त प्रेशर देत नाही. तसंच एखाद्याने कनेक्टर दुरुस्त करताना वायरी उलटसुलट जोडल्या असतील तर पंप उलटा फिरतो: आवाज व्यवस्थित, प्रेशर शून्य. आवाज आहे आणि तरी गाडी सुरू होत नाही, तर प्रेशर गेज लावा. साध्या मल्टिपॉइंट इंजेक्शनला (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) साधारण ३ ते ४ बार लागतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

आवाज अजिबात नसेल तर एक तपासणी रिलेला हात लावण्याआधी करा. सेल्फ मारताना स्पार्क येतोय का पाहा. तेही कॉइलसाठी बनवलेल्या स्पार्क टेस्टरने, उघडी वायर हातात धरून नाही. स्पार्क आहे आणि पंप नाही, तर दोष पंपाच्या सर्किटमध्ये. स्पार्क आणि पंप दोन्ही नाहीत, तर दोघांचं सामाईक कारण शोधा: मेन रिले (ईसीयूला सप्लाय देणारा), क्रँक सेन्सर, इमोबिलायझर (चावी ओळखली नाही तर इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा). डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर पंपाकडे वळूच नका.

स्कॅनर असेल तर कोड वाचा. पी०२३० हा पंपाच्या प्रायमरी सर्किटचा, म्हणजे रिलेला हुकूम देणाऱ्या वाटेचा कोड. पी०२३१ आणि पी०२३२ पंपाकडे जाणाऱ्या वाटेचे, पी०६२७ कंट्रोल सर्किट तुटल्याचा, पी०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटचा. कोड कोणत्या गल्लीत शिरायचं ते सांगतो, घर तुम्हालाच शोधायचं असतं.

पायरी २: फ्यूज

फ्यूज काढून डोळ्याने पाहणं पुरेसं नाही, कारण त्यातली तार केसाएवढी तडकलेली दिसत नाही. फ्यूज जागेवर असतानाच त्याच्या माथ्यावर दोन धातूचे ठिपके असतात. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावा आणि दोन्ही ठिपक्यांना टोक टेकवा. दोन्हीकडे दिवा सारखा लागला पाहिजे. काही गाड्यांत या फ्यूजला सप्लाय चावी ऑन केल्यावरच येतो. फ्यूज काढलात तर त्याचे पाय आणि सॉकेटही बघा. पाय तपकिरी झाला असेल किंवा प्लास्टिक वितळलं असेल, तर सॉकेटची पकड सैल झाली आहे. नुसता नवा फ्यूज घालून ते सुटत नाही.

पंपाचा फ्यूज सहसा १५ किंवा २० ॲम्पिअरचा, म्हणजे निळा किंवा पिवळा असतो. तो उडाला असेल तर त्याच नंबरचा एकदाच घालून पाहा. पुन्हा उडाला तर ३० चा हिरवा घालण्याचा मोह टाळा. तो फ्यूज उडणार नाही, सीटखालची वायर जळेल.

वारंवार उडणाऱ्या फ्यूजसाठी ही युक्ती वापरा. पंपाचा कनेक्टर काढा, रिले काढा आणि फ्यूजच्या जागी दोन्ही पायांत २१ वॅटचा टेस्ट लॅम्प जोडा. लॅम्प लागला तर फ्यूज आणि रिले यांच्यामध्येच शॉर्ट आहे. नाही लागला तर रिलेच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ जंपरने जोडा. आता लागला तर शॉर्ट ८७ पासून टाकीपर्यंतच्या वायरीत आहे. दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी, सीटचे बोल्ट, मागच्या ॲक्सलजवळचा भाग आणि उंदरांनी कुरतडलेल्या जागा एकेक हलवून बघा. लॅम्प विझला की जागा सापडली. लॅम्प लागतच नसेल, तर वायर ठीक आहे आणि संशय पंपावर: अडकलेला किंवा आत शॉर्ट झालेला. हा निकाल काढण्याआधी डायग्राममध्ये पाहा, कारण काही गाड्यांत याच फ्यूजवरून इंजेक्टर किंवा ऑक्सिजन सेन्सरचा हीटरही चालतो.

पायरी ३: रिले

रिले टक् वाजला म्हणजे चांगला, हा फार रुळलेला गैरसमज आहे. टक् वाजते ती कॉइलमुळे हलणारी पट्टी. करंट जातो कॉन्टॅक्टमधून, आणि तो जळून काळा पडलेला असला तरी आवाज तसाच येतो.

सोपा मार्ग म्हणजे त्याच फ्यूज बॉक्समधला तसाच दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, अदलाबदल करून बघणं. पण आकार सारखा म्हणजे रिले सारखा नव्हे. अंगावरचा नंबर आणि पिनांची आकृती जुळवूनच घाला. रिले बाहेर काढून मोजायचा असेल तर ८५ आणि ८६ यांत साधारण ५० ते १२० ओहम यायला हवेत. त्याला १२ व्होल्ट दिल्यावर ३० आणि ८७ यांत जवळजवळ शून्य. काही रिलेंच्या कॉइलला आत डायोड असतो. तिथे प्लस-मायनस उलटं दिलं तर डायोड उडतो.

आता सॉकेट. रिले काढलेला, मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला. ३० वर बॅटरीएवढं व्होल्टेज हवं. नंतर एलईडी लॅम्प ८५ आणि ८६ यांच्यामध्ये लावून चावी ऑन करा. तो दोन-तीन सेकंद लागून विझला तर ईसीयू हुकूम देतोय आणि हलकी वाट ठीक आहे. लागलाच नाही तर एका पिनेवर चावीचा सप्लाय आहे का पाहा. सप्लाय असूनही अर्थ येत नसेल तर ईसीयूपर्यंतची वायर, ईसीयूची स्वतःची अर्थ, इमोबिलायझर हे बघावं लागेल. ईसीयू खराब आहे हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी.

मग निर्णायक तपासणी: फ्यूज लावलेल्या जंपरने ३० आणि ८७ जोडा. पंप सलग चालू लागला तर पंप जिवंत आहे आणि दोष रिलेत किंवा त्याला हुकूम देणाऱ्या वाटेत आहे. नाही चालला तर मागे जायचं, टाकीकडे. जाताना इनर्शिया स्विच असेल तर त्याचं बटण दाबून बघा. तो बहुधा डिकीच्या कडेला किंवा पायापाशी असतो.

बाहेरून बसवलेली अलार्म सिस्टिम किंवा जीपीएस कट-ऑफ असलेल्या गाडीत इथेच जरा थांबा. चोरी रोखण्यासाठी ही उपकरणं बऱ्याचदा पंपाचीच वायर मध्ये कापून तिथे स्वतःचा छोटा रिले घालतात, आणि जोड पिळून वर टेप गुंडाळलेला असतो. वर्षभरात तो टेप सुटतो, तांब्यावर हिरवी पूड चढते आणि पंप अधूनमधून बंद पडू लागतो. गाडीच्या डायग्राममध्ये हा जोड सापडणार नाही. डॅशबोर्डखालून हाताने चाचपूनच तो शोधावा लागतो.

पायरी ४: पंपाच्या कनेक्टरवर, लोड असताना

नवखा माणूस इथेच सगळ्यात जास्त फसतो. तो पंपाचा कनेक्टर काढतो, मीटर लावतो, १२.४ व्होल्ट दिसतात आणि तो म्हणतो, करंट येतोय, पंप मेला.

मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट खेचत नाही. त्याचा आतला रोध साधारण १ कोटी ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टला अँपिअरचा दहा लाखावा भाग. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच शाबूत राहिली तरी तेवढा करंट आरामात जातो आणि मीटर पूर्ण १२ दाखवतं. पंपाला मात्र ६ ॲम्पिअर लागतात. वाटेत कुठे अर्धा ओहम रोध असेल तर ६ गुणिले ०.५, म्हणजे ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. त्या एका जोडावर १८ वॅट उष्णता तयार होते. कनेक्टरचं प्लास्टिक वितळतं ते यामुळेच. पंप जोडलेला नसताना करंट नाही, म्हणून घटही नाही, आणि दोष लपून राहतो.

म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवा. बारीक पिना मागून, वायरीच्या रबरी सीलच्या कडेने आत सरकवा. इन्सुलेशनला भोक पाडू नका, त्यातून पाणी शिरून पुढच्या पावसाळ्यात नवा दोष तयार होतो. रिलेच्या जागी जंपर ठेवा म्हणजे पंपाला सलग सप्लाय राहील. आता मीटर पंपाच्या प्लस आणि मायनस पिनांमध्ये लावा.

बॅटरीपेक्षा फार तर ०.७ व्होल्ट कमी आणि तरीही पंप गप्प, तर पंप किंवा झाकणापासून मोटरपर्यंतच्या आतल्या वायरी खराब आहेत. इथे पंप काढायला हरकत नाही.

शून्य आलं तर कुठेतरी वाट तुटली आहे. कुठल्या बाजूला, हे कळण्यासाठी काळी वायर पंपाच्या मायनसवरून काढून बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि प्लस पिन मोजा. १२ आले तर सप्लाय पोचतोय, अर्थ तुटली आहे. अशा वेळी पंपाच्या मायनस पिनेवरही १२ दिसतात, कारण मोटरमधून व्होल्टेज पलीकडे पोचलेलं असतं पण परत जायला वाट नसते. ते पाहून गोंधळू नका. अर्थ तुटल्याची ती पक्की खूण आहे. पेट्रोलचा काटाही याच वेळी वेडावाकडा फिरत असेल तर आणखी खात्री, कारण बऱ्याच गाड्यांत काट्याची आणि पंपाची अर्थ एकच असते.

८-९ व्होल्ट आले तर वाट शाबूत आहे पण आवळलेली आहे. तो रोध शोधणं ही पुढची पायरी.

मागून पिना घालणं जमत नसेल तर हेडलाइटचा बल्ब कामाला येतो. ५५ वॅटचा बल्ब सुमारे साडेचार ॲम्पिअर खेचतो, म्हणजे पंपाच्या जवळपास. चावी ऑफ आणि रिलेतला जंपर काढलेला असताना कनेक्टर पंपापासून सोडवा, बल्बच्या वायरी वाहनाकडच्या पिनांना जोडा, आणि बल्ब गाडीच्या बाहेर, टाकीपासून लांब ठेवा. हॅलोजन बल्ब वाफ पेटवण्याइतका तापतो. मग पुढे येऊन जंपर लावा. बल्ब थेट बॅटरीवर लागतो तसाच पांढरा लागला तर सप्लाय आणि अर्थ दोन्ही ठीक, दोष पंपात. पिवळट, मंद लागला तर वायरिंगमध्ये रोध. जाड पिना सॉकेटमध्ये कोंबून त्याची पकड फाकवू नका, नाहीतर तपासणीतूनच नवा लूज कॉन्टॅक्ट तयार होईल.

पायरी ५: व्होल्टेज कुठे गळतं

पंप किंवा बल्ब चालू असतानाच मोजायचं. लांब वायरीने मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लसवर न्या आणि काळं टोक पंपाच्या प्लस पिनेवर. मीटर जे दाखवेल तेवढं व्होल्टेज वाटेत हरवतंय. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. तसंच पंपाच्या मायनस पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.२ च्या आत हवं.

जास्त आलं तर काळं टोक पंपाकडून पुढे आणत जा: इनर्शिया स्विचच्या दोन्ही बाजू, रिलेची ८७, मग ३०, मग फ्यूजच्या दोन्ही बाजू. समजा पंपापाशी २.८ व्होल्ट, ८७ वर २.६ आणि ३० वर ०.२ दिसले, तर २.४ व्होल्ट रिलेच्या सॉकेटमध्येच गेले. आकडा जिथे एकदम पडतो, तिथेच बिघाड आहे. जंपरऐवजी खरा रिले लावून हे पुन्हा एकदा मोजा, नाहीतर जळालेला कॉन्टॅक्ट नजरेतून सुटेल.

अर्थच्या बाजूला दोष निघाला तर बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज खरवडा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. नुसता बोल्ट आवळून आकडा सुधारतो, पण थोड्याच दिवसांसाठी.

पायरी ६: करंट मोजा

पंपाच्या तब्येतीबद्दल सगळ्यात जास्त माहिती करंट देतो. फ्यूज काढून त्या जागी मीटर १० ॲम्पिअरच्या रेंजवर जोडा किंवा वायरीभोवती क्लॅम्प लावा. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या कारचा पंप साधारण ४ ते ८ ॲम्पिअर घेतो. मोजून झालं की मीटरची लाल वायर लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घाला. ती १० ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये राहिली आणि तुम्ही बॅटरी मोजायला गेलात, तर तो सरळ शॉर्ट आहे.

पंपावर व्होल्टेज पूर्ण आहे आणि करंट फार कमी, तर मोटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत किंवा पंप पेट्रोल न ओढता नुसता फिरतोय. करंट जास्त असेल तर पंपावर ताण आहे: चोंदलेला फिल्टर, चेपलेली नळी किंवा जाम झालेला पंप. करंट सारखा खालीवर नाचत असेल तर ब्रश आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो मोटरचा फिरता तांब्याचा भाग) शेवटच्या घटका मोजतायत.

अशा झिजलेल्या पंपाची गावठी पण खात्रीची खूण आहे. सप्लाय चालू असताना टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलकेच ठोका. पंप सुरू झाला तर ब्रश कम्युटेटरच्या खराब जागेवर अडकला होता. घरी पोचण्यापुरता हा उपाय चालतो, पण तो पंप बदलायचाच.

मोटरचा रोध ओहममध्ये मोजण्यावर फार विसंबू नका. चांगला पंप साधारण अर्धा ते तीन ओहम दाखवतो आणि मीटरच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ असतो. अनंत आला तर मोटर तुटलेली, एवढंच त्यातून नक्की कळतं.

मोड्यूलवाल्या गाड्या

पंपाला दोनऐवजी तीन जाड वायरी असतील किंवा टाकीजवळ ॲल्युमिनियमची कंट्रोल पेटी असेल, तर पंपाचा वेग पल्सने नियंत्रित होतो. तिथे मीटर सरासरी दाखवतं आणि आयडलिंगला ६ ते ९ व्होल्ट दिसणं दोष असेलच असं नाही. तीन वायरींचा ब्रशलेस पंप बॅटरीवर थेट जोडला तर फिरत नाही आणि त्याची हानीही होऊ शकते. या गाड्यांत मोड्यूलचा सप्लाय आणि अर्थ वर सांगितल्याप्रमाणे लोडखाली तपासा, कोड वाचा, स्कॅनरने पंप चालवण्याची आज्ञा देऊन क्लॅम्पने करंट बघा. जंपर आणि बल्बची पद्धत इथे वापरू नका.

अधूनमधून येणारा दोष

गाडी तापल्यावर बंद पडते आणि गार झाल्यावर चालते, तेव्हा वर्कशॉपमध्ये सगळी मापं बरोबर येतात. दोष हजर असतानाच पकडावा लागतो. त्यासाठी दोन छोटे ३ वॅटचे बल्ब घ्या. एकाचं टोक ८७ पासून निघणाऱ्या वायरीला, दुसऱ्याचं पंपाच्या प्लस पिनेला, प्रत्येकाला १ ॲम्पिअरचा फ्यूज. दुसरी टोकं चांगल्या अर्थला. दोन्ही बल्ब पुढे आणून ठेवा आणि शेजारी बसलेल्या माणसाला त्यांवर नजर ठेवायला सांगा. गाडी बंद पडू लागली आणि दोन्ही विझले, तर सप्लाय, फ्यूज, रिले किंवा हुकूम गेला. तापल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सरही यातच येतो. पहिला चालू आणि दुसरा विझला, तर मधली वायर किंवा इनर्शिया स्विच. दोन्ही चालू असताना गाडी बंद पडली, तर पंप किंवा त्याची अर्थ.

जुन्या रिलेच्या आतल्या सोल्डरला पडलेली केसासारखी भेगही असंच वागते. उन्हात उभी केलेली गाडी सुरू होत नाही आणि रात्री व्यवस्थित चालते. तेव्हा रिलेवर बोटाने टिचकी मारून पाहा.

दुरुस्ती करताना

काळी पडलेली पिन घासून पुन्हा वापरू नका. उष्णतेने तिचं स्प्रिंगपण गेलेलं असतं. पिनांसह कनेक्टरचा संपूर्ण तुकडा मिळतो, तो बसवा, आणि पंपाच्या झाकणावरची समोरची पिनही तशीच जळाली असेल तर झाकणासह मोड्यूल बदला. एकच बाजू बदलली तर जुनी पिन नवीलाही जाळते.

वायर बदलायची तर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. पाच मीटर लांबीत ८ ॲम्पिअरला तिच्यात ०.३ व्होल्टच्या आतच घट होते, १.५ च्या वायरीत तीच अर्ध्या व्होल्टच्या घरात जाते. जोड क्रिंप करून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. टाकीच्या आत मात्र साधी वायर आणि साधा टेप अजिबात नको. पेट्रोलमध्ये ते इन्सुलेशन कडक होऊन तडकतं. आत फक्त इंधनात बुडवण्यासाठी बनवलेल्या वायरी आणि पंपासोबत आलेलेच कनेक्टर. जोडण्याआधी प्लस-मायनस दोनदा तपासा आणि झाकणाची सील रिंग नवीच घाला.

नवा पंप बसवल्यावर टाकीत किमान दहा लिटर पेट्रोल घालून मगच चावी फिरवा, कारण मोटर पेट्रोलनेच गार राहते आणि कोरडी फिरली तर काही क्षणांत खराब होऊ लागते. चार-पाच वेळा चावी ऑन-ऑफ करून प्रेशर भरू द्या, झाकणाभोवती ओल किंवा वास नाही ना ते बघा, आणि मगच सेल्फ मारा. इंजिन चालू असताना पाचव्या पायरीतली दोन्ही मापं आणि करंट पुन्हा घेऊन तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी तीच वही सर्व्हिस मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोगी पडते.